हळदीला आलेली पांढरी माशी

आमच्या दाजींच्या पॉलिहाऊसला दोन दारं आहेत. एकामागे एक, आणि मधे चार माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढी जागा. पहिलं दार उघडायचं, आत यायचं, ते नीट लावायचं आणि मगच दुसऱ्याला हात घालायचा. एवढी साधी गोष्ट करकंबात आजवर फक्त तिघांना जमली आहे. दाजींना, त्यांच्या आईला म्हणजे मोठीआईला, आणि एका शेळीला. शेळीला जमली, कारण ती मधल्या जागेतच अडकली होती. सुटण्यासाठी तिनं बाजूची जाळी शिंगानं फाडली, ती गोष्ट पुढं येईल.

करकंब म्हणजे पंढरपुराहून टेंभुर्णीकडे निघालं की लागणारं मोठं गाव. उजनीचं पाणी या भागात आलं तसं इथल्या शेतकऱ्यानं जे जे लावता येतं ते सगळं लावून पाहिलं. दाजींनीही पाहिलं. उसानं दमवलं. डाळिंबावर तेल्या रोग आला. सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आहे, तिथं दाजींनी इतक्या चकरा मारल्या की आक्का, म्हणजे माझी बहीण, म्हणायची, "त्यापेक्षा तिथंच खोली घ्या." शेवटी बाग काढली आणि दाजींनी जाहीर केलं, "पाव्हणं, आता आभाळाशी आपला संबंध संपला. आता पॉलिहाऊस."

मी पुण्याचा, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. बायकोच्या भावाला तिकडं सगळे 'पाव्हणं' म्हणतात, आणि पाव्हण्याचं काम फक्त मान डोलावण्याचं असतं. मी डोलावली. बँकेचं कर्ज, सरकारचं अर्धं अनुदान आणि आक्काच्या पाटल्या अशा तीन खांबांवर दोन पॉलिहाऊस उभी राहिली. प्रत्येक १००८ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण दहा गुंठ्यांचं. एकात जरबेरा, दुसऱ्यात लाल-पिवळी ढोबळी मिरची. जरबेऱ्याला काळी माती चालत नाही म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून लाल माती आणली. ज्यांच्या काळ्या मातीचा सात पिढ्यांना अभिमान, त्या घरात माती विकत आणली म्हणून मोठीआई दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

सांगाडा उभारून देणारा माणूस छातीठोकपणे म्हणाला होता, "साहेब, आत कीड येतच नाही." तेव्हा आम्हाला ते खोटं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. कीड आपणहून फारशी येत नाही. तिला आणायला आपण जातो.

आता हेच बघा ना. बाहेर उघड्या रानात मावा पडला तर ढालकिडा येतो आणि मावा खातो. चिमण्या येतात, कोळी जाळं लावून बसतात, वळवाचा एक सडाका आला की निम्मी वस्ती धुऊन जाते. पॉलिहाऊसमध्ये पाऊस नाही, वारा नाही, चिमणी नाही, ढालकिडा नाही. जेवण ड्रिपनं वेळेवर. गरम झालं की फॉगरचं तुषारस्नान. एवढी सोय पंढरपुरात आषाढीला आमदारालाही मिळत नाही. अशा ठिकाणी एक पांढरी माशी चुकून जरी शिरली तरी तिनं परत का जावं?

यावर उपाय जाळीचा, असं पुस्तकात लिहिलंय. पांढरी माशी अडवायची तर इंचाला ५० छिद्रांची जाळी लागते. पण फुलकिडा तिच्याहूनही सडपातळ. त्याला अडवायचं तर छिद्रं आणखी बारीक हवीत. छिद्रं जितकी बारीक, तितका वारा कमी. आणि सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा हा काही पुस्तक वाचून पडत नाही. बाहेर ४२-४३ अंश असताना वारा बंद केला तर फुलकिडा बाहेर राहील हे खरं, पण आत ढोबळीची भाजी तयार होईल. फक्त मीठ घालायचं बाकी. त्यामुळे प्रत्येक शेतकरी आपापल्या परीनं कुठंतरी मधे तडजोड करतो, आणि त्या तडजोडीतून फुलकिडा अंग चोरून आत येतो.

पहिल्याच वर्षी मला या मंडळींची ओळख झाली. लाल कोळी हा यातला तांत्रिक गुन्हेगार. त्याला आठ पाय, म्हणजे तो कीटकच नाही. कीटकनाशकाच्या बाटलीवर 'कीटक' लिहिलेलं आणि हा कीटक नाही, त्यामुळे बरीच औषधं त्याला लागूच पडत नाहीत. बँकेत असे खातेदार मी पाहिले आहेत. फुलकिडा त्याहून चलाख. तो अंडी घालतो पानाच्या पोटात, कोवळेपण काढतो फुलाच्या पाकळ्यांत आणि कोषात जायची वेळ आली की उतरतो खाली मातीत. दाजी पानावर फवारणार, तेव्हा निम्मं कुटुंब पानाच्या आत आणि निम्मं जमिनीखाली. जरबेऱ्याच्या लालभडक पाकळीवर पांढरे ओरखडे दिसले की समजायचं, स्वारी येऊन गेली. असं फूल बाजारात कुणी हातात धरत नाही.

पण आक्काला खरा धक्का बसला तो माव्याचा. मी एका पुस्तकात वाचून तिला सांगितलं की माव्याच्या मादीला एरवी नर लागतच नाही. ती अंडी न घालता थेट जिवंत पिल्लं देते, त्या सगळ्या पोरीच असतात, आणि जन्मतानाच त्या पोरींच्या पोटात त्यांच्या पोरी वाढत असतात. आक्कानं चहाचा कप खाली ठेवला. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे लग्नाचा खर्च न्हाई, हुंडा न्हाई, मानपान न्हाई, पहिलं बाळंतपण माहेरी न्हाई."

"नाही."

"मग वाढणारच की रे ते."

एवढ्या सगळ्यांवर दाजींचा एकच उपाय होता. औषध. मराठी शेतकऱ्यानं विषाला औषध हे नाव कधी दिलं कुणास ठाऊक, पण ज्यानं दिलं त्याला विक्रीकला चांगली कळत होती. एकदा औषध म्हटलं की मग ते जास्त घेतल्यानं लवकर बरं वाटणार, दोन घेतल्यानं आणखी बरं वाटणार, आणि दुकानदार हा डॉक्टर होणार. दाजी एक वाळकं पान खिशात घालून दुकानात जायचे, काउंटरवर ठेवायचे आणि नाडी दाखवल्यासारखे उभे राहायचे. दुकानदार पानाकडे न बघता फळीवरून चार बाटल्या काढायचा. एक किडीची, एक बुरशीची, एक टॉनिक आणि एक स्टिकर. चारही एकाच पंपात. याला तिकडं 'कॉम्बो' म्हणतात. मी विचारलं, "दाजी, कीड कुठली आहे?" दाजी म्हणाले, "कुठली का असंना. चारातलं एक तर लागंल."

डब्यावर रंगीत त्रिकोण असतो हे मला तिथं कळलं. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. माणसाला किती धोका आहे हे सांगणारी ती खूण. दाजींच्या हिशेबात मात्र ती तिखटाची पातळी होती. लाल म्हणजे जोरात, हिरवा म्हणजे पुण्याच्या पाव्हण्यांसाठी.

विनोद इथं थोडा थांबवतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि मजूर दगावले. ते उघड्या रानात. पॉलिहाऊसमध्ये तर फवारलेलं बाहेर जायलाही वाट नसते. ती बातमी आक्काच्या डोक्यात पक्की बसलेली आहे. त्यामुळे हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय ती दाजींना पंपाला हात लावू देत नाही. दाजी नुसता रुमाल बांधून निघाले तर ती पंपाचं झाकण पदराखाली घेऊन बसते.

माझा स्वतःचा शेतीला हातभार एकच. दाजी एकदा हताश होऊन म्हणाले, "पाव्हणं, तीन औषधं बदलली, माशी हलंना." तिन्ही बाटल्या मी मागवल्या. एकीवर वाघ होता, एकीवर विमान, एकीवर तलवार. मागच्या बाजूची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली तर तिन्हींत औषध एकच. कंपन्या निराळ्या, किमती निराळ्या, आतला माल तोच. एकच औषध परत परत मारलं की ज्या माश्या त्यातून वाचतात त्यांचीच पिलावळ वाढते, आणि तिला ते पचतं. म्हणून औषधांचे गट पाहायचे आणि पाळीपाळीनं गट बदलायचा असतो, नाव नव्हे. बँकेतल्या छत्तीस वर्षांत मी हजारो लोकांना बारीक अक्षरांखाली सही करायला लावलं. स्वतः ती वाचण्याची ही पहिलीच वेळ. उपयोग होतो, हे नमूद करतो.

त्या वाचनातच मला स्पिनोसॅड भेटलं. फुलकिडे आणि अळ्यांवर चालणारं हे औषध मातीतल्या एका जीवाणूपासून बनतं, आणि ती माती १९८२ साली सापडली कुठं, तर कॅरिबियन बेटांवरच्या एका बंद पडलेल्या रमच्या भट्टीत. साखर कारखान्याला जोडून होती ती. हे वाचून मी दाजींना हलवून उठवलं. म्हटलं, दाजी, बंद पडलेले साखर कारखाने आपल्याकडं काय कमी आहेत? दाजी कूस बदलत म्हणाले, "तितली माती कवाच लोकांनी नेली, पाव्हणं. भंगारासकट."

आणि मग भाच्याचं लग्न ठरलं.

हल्ली लग्नात लग्न सोडून बाकी सगळ्याला महत्त्व आलंय. त्यातही हळदीला. आमच्या वेळी हळद म्हणजे जुन्या साडीवर, मोरीजवळ, दहा मिनिटांत उरकायचा प्रकार. आता सगळ्या वऱ्हाडानं पिवळंच घालायचं असा फतवा असतो. भाच्याच्या हळदीला आत्या पिवळ्या, माम्या पिवळ्या, मावश्या पिवळ्या, कुरवल्या पिवळ्या, मीही पिवळ्या झब्ब्यात. त्यात फोटोग्राफर पंढरपूरचा, तरुण आणि कल्पक. त्याला कुणीतरी सांगितलं की शेतात जरबेऱ्याचं पॉलिहाऊस आहे. त्याचे डोळे चमकले. "सर, लोकेशन!"

इथं वाचकाला एक गोष्ट सांगणं भाग आहे. पांढऱ्या माशीला आणि माव्याला पिवळा रंग अतिशय आवडतो. फुलकिड्याला निळा. म्हणूनच पॉलिहाऊसमध्ये पिवळे आणि निळे चिकट सापळे टांगतात. माशी पिवळं बघून धावते आणि चिकटते. घरीही करतात लोक, पत्र्याला पिवळा रंग देऊन वर एरंडेल नाहीतर ग्रीस फासून. आणि म्हणूनच पॉलिहाऊसमध्ये पिवळे कपडे घालून जाऊ नये असं सगळीकडं सांगितलेलं असतं. माशी कपड्यावर बसते आणि आपण तिला मानानं आत नेऊन सोडतो.

तर त्या दिवशी, उन्हं कलताना, आमचं पिवळंधमक वऱ्हाड शेजारच्या वांग्याच्या रानातनं पॉलिहाऊसकडे निघालं. वांगं हे पांढऱ्या माशीचं माहेर. साठ माणसं वांग्यातनं चालत गेली. दाराशी पोचल्यावर फोटोग्राफरनं दोन्ही दारं सताड उघडी ठेवायला लावली, कारण त्याला आतून बाहेर येणारी नवरी हवी होती. नवरी सहा वेळा बाहेर आली. सहाही वेळा तिचा पदर नीट उडाला नाही. आत माम्या जरबेऱ्याच्या बेडवर बसून हसल्या, एक मावशी शेजारच्या पॉलिहाऊसमध्ये ढोबळीच्या ओळीत शिरून लाजली, कुणीतरी एक फूल तोडून नवऱ्याच्या कानामागं खोचलं. दाजी दाराशी उभे होते. एकेक पिवळी साडी आत जाताना ते मनातल्या मनात मोजत होते, हे मला त्यांच्या ओठांच्या हालचालीवरून दिसत होतं. सोयऱ्यांसमोर बोलता येईना. सोयऱ्यांना कोण सांगणार, की ताई, तुमच्या खांद्यावर सात आहेत?

पांढऱ्या माशीची अंड्यापासून पंखापर्यंतची एक पिढी उन्हाळ्याच्या तोंडाला साधारण तीन आठवड्यांत पुरी होते, आणि एकेक मादी शंभराच्या वर अंडी सहज घालते. लग्नाचा अल्बम बाविसाव्या दिवशी आला. दाजी अल्बम न बघता ढोबळीत गेले आणि एक फांदी हलवली. कापूस पिंजल्यासारखं पांढरं उडालं. पानं चिकट झालेली, चिकट्यावर काळी बुरशी आणि तो चाटायला मुंग्यांची रांग लागलेली.

दाजी लाल त्रिकोण आणायला निघाले. तेवढ्यात मोठीआईनं काठी आडवी घातली.

मोठीआई पंच्याऐंशीच्या पुढची. पॉलिहाऊसमध्ये ती आजवर एकदाच गेली होती, लाल मातीवरचा राग ओसरल्यावर. त्या दिवशी ती आत आली, पहिलं दार लावून, मग दुसरं उघडून. ढोबळीच्या एका झाडाजवळ बसली, पान उलटं केलं आणि डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाली, "लिखा."

"काय?"

"लिखा हायत ह्या. वर उवा उडायल्यात आन् तू त्यांच्या मागं लागलाईस. खाली लिखा तशाच. चार दिसानं परत डोस्कं भरतंय."

दाजी म्हणाले, "वरनं फवारलं की सगळं जातंय की."

"पोरीच्या डोस्क्यात ऊ हाय का न्हाई हे वेणी बघून कळतंय व्हय रं? केस इस्कटून बघावं लागतंय."

मोठीआईनं साठ वर्षं घरातल्या पोरींची, सुनांची, नातींची आणि शेजारणींची डोकी बघितली आहेत. तिच्या हाताखालून ऊ सुटत नाही. मी कीटकशास्त्राचं जे काही थोडंफार वाचलंय, त्यात पहिला नियम हाच सापडला. पानाच्या खालची बाजू बघा, दर आठवड्याला बघा, मोजा आणि मग ठरवा. ही गोष्ट राहुरीच्या कृषी विद्यापीठाची माणसं शिबिरात घसा कोरडा होईपर्यंत सांगतात. तेव्हा दाजी मागच्या रांगेत बसून जेवणात काय आहे याचा अंदाज घेत असतात. आईनं सांगितलं तेव्हा मात्र मुकाट्यानं बसले.

पुढचा महिना पॉलिहाऊसमध्ये उवा काढायचा कार्यक्रम चालला. खालची जुनी, लिखांनी भरलेली पानं खुडून पिशवीत बांधायची आणि लांब नेऊन पुरायची. मधलं गवत उपटायचं, कारण कीड गवतात आडोशाला राहते. पिवळे सापळे इतके लावले की लांबून तिथं पुन्हा हळद आहे असं वाटावं. जरबेऱ्यात पांढरा कागद धरून फूल झटकायचं आणि कागदावर पळणारे फुलकिडे मोजायचे, ते काम माझ्याकडं. नोटा मोजायचा हात असल्यामुळे बरा जमला. आणि पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्यात. गाळायला मोठीआईचं जुनं लुगडं. निंबोळीनं कीड लगेच पटापट पडत नाही, तिचं खाणं सुटतं आणि कात टाकणं अडतं. दाजींना हे पटेना. पैसे टाकल्यावर समोर मेलेलं दिसलं पाहिजे, अशी त्यांची साधी अपेक्षा. "नुसतं उपाशी ठिवायचं? ह्ये तर सासुरवास झाला," ते म्हणाले. आक्का काही बोलली नाही, पण मोठीआईकडं तिनं एकदा बघितलं.

याच काळात पंपाचा वॉशर गेला आणि शेवटच्या दोन ओळी पंधरा दिवस तशाच राहिल्या. तिथली पानं बघताना मोठीआई म्हणाली, "ह्या लिखा काळ्या कशा?"

मी भिंग लावलं. पांढऱ्या-पिवळसर पिल्लांमध्ये काही खरंच काळी पडली होती. आणि मला जे आठवलं ते मी नाचतच सांगितलं. १९२६ साली इंग्लंडात एका माळ्याला काचघरातल्या टोमॅटोवर अशीच काळी पिल्लं दिसली. तज्ज्ञांनी पाहिलं तर एक इवलीशी, मिलिमीटरभरही नसलेली गांधीलमाशीची भावकी पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालत होती. तिचं पोर आतून पिल्लाला खातं आणि वरून भोक पाडून बाहेर पडतं. चेशंटच्या संशोधन केंद्रानं त्या माश्या वाढवून शेतकऱ्यांना लाखांनी पुरवल्या. आज हॉलंडमधला काचघरवाला त्या विकत आणतो आणि कार्डावर चिकटवून झाडाला टांगतो.

दाजींनी शांतपणे ऐकलं. "म्हंजे गांधीलमाशी विकत घ्यायची आन् घरात सोडायची."

"हो."

"आन् त्यो माणूस शाणा."

ही आमच्याकडची माशी त्याच इंग्लंडातल्या जातीची आहे असा माझा दावा नाही. इथल्या रानात तिच्या बहिणी आहेत. ती आत कुठून आली यावर घरात दोन पक्ष आहेत. दाजींचं म्हणणं, निंबोळीचा प्रताप. माझं म्हणणं, शेळीनं फाडलेली जाळी. त्या भोकाला आक्कानं टाके घातले होते, पण आक्काची शिवण मी लहानपणापासून ओळखतो. काही का असेना, त्या दोन ओळींत लाल त्रिकोण पडला असता तर पांढरी माशी वाचली असती आणि ही मेली असती. दाजींनी त्या ओळींना शिवायचं नाही असं ठरवलं. वॉशर आणला, पण पंप भिंतीला टेकवूनच ठेवला.

ढोबळीचा पहिला तोडा उशिरा आला आणि कमी आला. जरबेरा सावरला. लग्नाचा अल्बम बैठकीत टेबलावर असतो, आणि त्यातल्या एका फोटोत नवरीच्या पदरावर पांढरे ठिपके आहेत. फोटोग्राफर म्हणतो, लेन्सवर धूळ होती. दाजी तो फोटो दिसेल त्याला दाखवतात आणि बोटानं मोजून देतात. नऊ.

आता दाराशी एक पाटी आहे. अक्षर भाच्याचं, मजकूर मोठीआईचा: 'पिवळं घालून येऊ नये. एक दार लागल्याबिगर दुसरं उघडू नये. पान उलटं करून बघावं.' तुम्ही कधी पंढरपूरला विठ्ठलाच्या दर्शनाला आलात आणि तिथून टेंभुर्णीला निघालात, तर करकंबला जरूर थांबा. आक्का चहा देईल, दाजी अल्बम दाखवतील. फक्त गळ्यात झेंडूची माळ असेल, तर ती गाडीतच ठेवून या.